निवडलेली भाजी विकायला निघाले आणि निवडणी विकायला लागले

मेथीची एक जुडी निवडली की हातात नेमका किती पाला उरतो हे मला वयाच्या ३९व्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. म्हणजे मेथी आयुष्यभर निवडलीय, पण वजन कोण करतं. आणि त्या एका न केलेल्या वजनावर मी अख्खा धंद्याचा प्लॅन उभा केला होता. दोनतीन मैत्रिणी सध्या नोकरी सोडून काहीतरी सुरू करायच्या विचारात आहेत, त्या सारखं विचारतात की तू कसं केलंस, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतेय.

नोव्हेंबर २०२२ला माझी नोकरी गेली. ऐरोलीला एका कंपनीत बॅक ऑफिसला होते, ११ वर्षं, आमची टीमच बंद केली. आम्ही राहतो ठाणे पूर्वला, कोपरीत, नवरा, मी, मुलगा आणि सासूबाई. नवऱ्याचा पगार होता म्हणून चूल थांबली नाही, पण मला परत कोणाच्या तरी शिफ्टमध्ये जायचं नव्हतं हे मात्र पक्कं होतं. नोकरीत असताना रोज संध्याकाळी ट्रेनमध्ये आम्ही बायका भाजी निवडत यायचो, मांडीवर पिशवी, गवारीच्या शिरा काढायच्या, मटार सोलायचे, घरी गेल्यावर तेवढाच वेळ वाचायचा. तिथूनच डोक्यात आलं की निवडलेली, चिरलेली भाजी घरपोच दिली तर ह्या सगळ्या जणी घेतील.

मग मी एक उद्योजकतेचा छोटा कोर्स केला. तिथे तो नऊ चौकोनांचा तक्ता भरायला लावतात, ग्राहक कोण, त्याला तुम्ही काय देता, पैसे कुठून येणार, खर्च कुठे होणार वगैरे. मला तो फार आवडला, मोठ्या कागदावर काढून फ्रिजवर चिकटवला. ग्राहकाच्या चौकोनात लिहिलं, ऐरोली, घणसोली, रबाळे इथे नोकरी करणारी जोडपी. देण्याच्या चौकोनात लिहिलं, चिरलेली ताजी भाजी. ऑनलाइन फॉर्म करून ओळखीतल्या ११२ जणांना पाठवला, ‘अशी भाजी मिळाली तर घ्याल का’. ९४ जण हो म्हणाले. मला वाटलं झालंच आता.

आज मी सांगते, तो प्रश्नच चुकीचा होता. घ्याल का विचारलं की माणूस हो म्हणतो, त्याचं काय जातं, आणि ओळखीचा असेल तर नक्कीच म्हणतो. त्या ९४मधल्या फक्त ९ जणांनी पहिल्या महिन्यात एकदा तरी पाकीट घेतलं. आता नवीन सोसायटीत गेले की मी वेगळं विचारते, गेल्या आठवड्यात पालेभाजी किती वेळा आणली, कोणी निवडली, आणलेल्यातली किती टाकून द्यावी लागली. ह्या प्रश्नांना लोक खरं उत्तर देतात कारण ते आठवून सांगायचं असतं. एक काकू म्हणाल्या, अगं शेपू मला जीव की प्राण, पण दोन वर्षं झाली घरी केलेली नाही, बोटं वाकत नाहीत माझी. असं उत्तर फॉर्ममध्ये कधी आलं असतं?

कागदपत्रांचं फार काही सांगण्यासारखं नाही. फूडचं बेसिक रजिस्ट्रेशन ऑनलाइन होतं, तेव्हा वर्षाला १०० रुपये फी होती, १२ लाखांपर्यंतच्या टर्नओव्हरला तेवढंच पुरायचं, १४ आकडी नंबर मिळतो तो पाकिटावर टाकायचा. उद्यम रजिस्ट्रेशन तर फुकटच आहे, आधार आणि पॅन लागतं, अर्ध्या तासात झालं. त्यासाठी १,५०० रुपये मागणाऱ्या खासगी साइट सर्च केल्यावर आधी दिसतात, तिथे भरू नका, सरकारी साइटवर एक रुपया लागत नाही.

खरा वेळ गेला कर्जात. केंद्राची छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची योजना होती, पीएमएफएमई, २०२०मध्ये आली, त्यात तेव्हा प्रकल्पाच्या ३५ टक्के अनुदान मिळायचं, जास्तीत जास्त १० लाख, आणि आपले निदान १० टक्के घालायचे. मी ९ लाखांचा रिपोर्ट केला. कापायचं मोठं मशीन, वॉशर, छोटी कोल्ड रूम, टेम्पो. ते अनुदान हातात मिळत नाही, कर्जखात्यालाच जमा होतं आणि ३ वर्षांनी वळतं होतं, हे मला फाइल दिल्यावर कळलं, तोपर्यंत मी हिशोबात ते पैसे खर्चूनसुद्धा टाकले होते. बँकेत चार महिने फेऱ्या मारल्या. कधी कोटेशन जुनं झालं, कधी साहेब रजेवर, खूप मनस्ताप झाला तेव्हा. पण एक दिवस तिथल्या मॅडमनी फाइल मिटून विचारलं, सध्या रोज किती पाकिटं जातात तुमची? मी म्हटलं, अजून सुरू नाही केलं. त्या म्हणाल्या, मग आधी दहा तरी विका ना. तेव्हा राग आला होता, घरी येऊन रडले पण, तरी त्यांचं म्हणणं डोक्यातून गेलं नाही.

मार्च २०२३ला घरातले ६० हजार घेऊन सुरुवात केली. त्यातले ३४ हजार गेले सेकंड हँड मशीनमध्ये. ती माझी सगळ्यात महाग चूक.

भाजी आणायची वाशीच्या एपीएमसीतून. आधी मी एकटीच ठाण्याहून पहाटेची गाडी पकडून तुर्भ्याला उतरायचे. भाजीपाला मार्केटला भाव १० किलोचा सांगतात आणि पालेभाजीचा शेकड्याचा, म्हणजे १०० जुड्यांचा. मला हव्या होत्या ३० जुड्या, ३० कोण देणार. पहिल्या दिवशी मी नुसतीच फिरून आले. मग कोपरीतल्याच एक भाजीवाल्या मावशी, त्या २० वर्षं वाशीला जातात, त्यांनी मला टेम्पोत वाटा दिला आणि मालातही, शंभर त्यांनी उचलायच्या, त्यातल्या तीस मला. जुडी हातात घेऊन मुळाकडून कशी बघायची, नाशिकची जुडी आणि पुण्याची जुडी एका मापाची नसते, पावसात भिजलेला माल सकाळी टवटवीत दिसतो आणि दुपारी बसतो, हे सगळं त्यांनी शिकवलं. कोर्सच्या फीपेक्षा त्या टेम्पोतल्या सकाळी मला जास्त देऊन गेल्या असं माझं प्रामाणिक मत आहे.

आता मेथीचा हिशोब. प्लॅनमध्ये मी धरलं होतं की एका जुडीतून एक पाकीट निघेल, घट साधारण २० टक्के. जुडी १२ रुपये, निवडणी ३, पिशवी २, पोचवायचे ३, झाले २०, विकायचं ३०ला, १० रुपये सुटले. प्रत्यक्षात जुडी निवडून वजन केलं तर जवळजवळ निम्मं गेलं, मुळं, दांडे, पिवळी पानं, माती. २५० ग्रॅमच्या पाकिटाला दीड जुडी लागायला लागली. मग जुडीचेच १८, निवडणीला वेळ जास्त म्हणून ७, पिशवी २, आणि एका एका घरासाठी लांब जायचं म्हणून पोचवायचे ५. झाले ३२, आणि मी विकत होते ३०ला! प्रत्येक पाकिटामागे २ रुपये घालवत होते आणि ऑर्डर वाढली की खूश होत होते. हे कळायला मला पाच आठवडे लागले, कारण गल्ल्यात रोज पैसे दिसायचे.

चिरलेल्या भाजीचं वेगळंच. भेंडी चिरून ठेवली की तार सुटते, वांगं काळं पडतं, बटाटा पाण्यात ठेवावा लागतो, कांद्याचा वास सगळ्या पिशव्यांना. कोबी, फरसबी, गाजर एवढंच जरा टिकायचं. आणि धुऊन दिलेली पालेभाजी तर संध्याकाळपर्यंत पिशवीत सडायची, न धुता कोरडी निवडलेली मात्र फ्रिजमध्ये तीन दिवस छान राहते. त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे विश्वास. चिरलेली भाजी बघून बायका म्हणायच्या, कीड बघितली का ग नीट? वांगं उघडून बघायचं काम कोणी दुसऱ्यावर सोडत नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही, मीही सोडत नाही. मशीन दिवसाला वीस मिनिटं चालायचं आणि बाकी वेळ अर्धी बाल्कनी अडवून बसायचं.

तरी मी चिकटून होते, कारण ३४ हजार घातले होते ना. मे महिन्यात मी अजून एक पाऊल पुढे टाकलं, महिन्याचं पॅकेज काढलं. १,२०० रुपये आगाऊ, आठवड्यातून तीनदा भाजी, त्यात किलोभर टोमॅटो. ३१ घरं आली, आगाऊ पैसे हातात आले, खूप धीर आला.

आणि मग जुलै २०२३. आठवत असेल सगळ्यांना, टोमॅटो किलोला शंभरच्या पार गेले, आमच्याकडे तर दीडशेच्या घरात. पावसाने पालेभाजीही कडाडली, मेथीची जुडी ४०ला. त्यात त्या वर्षी अधिक श्रावण होता, १८ जुलैपासून अधिक आणि मग निज, म्हणजे भाजीची मागणी उतरायचं नाव नाही. मी १,२०० घेऊन बसले होते आणि शब्द दिला होता. टोमॅटो कमी द्या चालेल असं काही जणींनी स्वतःहून सांगितलं, पण पहिल्याच वर्षी शब्द मोडायचा नाही असं मी ठरवलं. त्या एका महिन्यात १६,४०० रुपये तोटा. मुलाच्या क्लासची फी भरायला नणंदेकडून उसने घेतले.

ऑगस्टमध्ये पॅकेज बंद करतेय हे सांगायला मी घरोघरी गेले, फोनवर सांगायचं बरं वाटेना. नौपाड्यात एका जुन्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, एक आजी राहतात, ऐंशीच्या पुढच्या, मुलगा बाहेरगावी. त्या म्हणाल्या, अगं भाजी काय, खालून गाडीवाला दोरीला बांधलेल्या पिशवीत देतो, मी वर ओढून घेते. भाजी नको आणूस तू. तू मला फक्त निवडून दे, त्याचे काय ते घे.

मी जिन्यातच बसले थोडा वेळ. त्या दिवशी घरी येऊन फ्रिजवरच्या कागदावर ‘चिरलेली ताजी भाजी’ खोडलं आणि लिहिलं ‘निवडणी’. ग्राहकाच्या चौकोनातही खाडाखोड केली, कारण वही काढून बघितलं तर सलग घेणाऱ्या घरांमध्ये ऐरोलीवाली जोडपी चारच होती. ती बिचारी रात्री नऊला घरी येणार, भाजी दोन दिवस दारात लटकणार. सलग घेत होते ते नौपाडा, पाचपाखाडी, चरई इथले साठीच्या पुढचे लोक, ज्यांना शेपू, अळू, चवळी, वालाचं बिरडं सगळं खायचंय, करताही येतंय, फक्त निवडायला हात आणि डोळे साथ देत नाहीत.

मग भावच वेगळा मांडला. रोज सकाळी ग्रुपवर आजचा जुडीचा भाव टाकायचा, मला पडला तो, आणि निवडणी वेगळी. मेथी, शेपू जुडीला १२, लाल माठ १०, गवार आणि वालपापडी किलोला ३०. भाजी महाग झाली तर ती महाग झालीय हे त्यांना दिसतं, माझी निवडणी तीच राहते. पोचवायचं पण बदललं, ऑर्डर आली की निघायचं हे बंद, प्रत्येक बिल्डिंगचे दोन वार ठरलेले. भाजी तुमची असेल तर सकाळी घेऊन जाते, दुपारी निवडून आणून देते. लोक मला म्हणाले भाव दाखवलास तर गिऱ्हाईक घासाघीस करेल, माझ्या अनुभवात उलटं झालं, घासाघीस संपलीच.

सप्टेंबरमध्ये ऋषीपंचमी आली. ऋषीची भाजी म्हणजे अळू, माठ, भोपळा, शिराळं, पडवळ, सुरण, कणसाचे तुकडे, भेंडी, थोडं थोडं सगळंच लागतं, आणि दोन माणसांच्या घरात प्रत्येकाचं पाव किलो आणायचं म्हणजे आठवडाभराची भाजी होते. मी दोन माणसांचं आणि चार माणसांचं असं पाकीट काढलं, सगळं निवडून, सोलून, सुरण वेगळ्या पुडीत. ६४ गेली. एक दिवसाचा धंदा, पण त्याने मला दाखवलं की लोकांना थोडं थोडं हवं असतं आणि बाजार थोडं देत नाही. तेव्हापासून भोगीला पण करते, पावटा, हरभरा, गाजर, वांगी, बोरं, सोबत तीळ. वांगी मात्र अख्खीच देते, ती ज्याची त्याने कापावी.

जून २०२४ला एका काकांनी शेवळं, ती पावसाळी रानभाजी, मिळतील का विचारलं. आमच्या सासूबाई ऐकताच उठून बसल्या, त्यांचं माहेर कर्जतकडचं. शेवळं पहिल्या पावसात दोनतीन आठवडेच येतात, स्टेशनजवळ आणि जांभळी नाक्याला आदिवासी बायका घेऊन बसतात. वरचं आवरण काढायचं, आतला पिवळा भाग टाकायचा, नाहीतर घसा खाजून खाजून जीव जातो, आणि भाजीत काकडं, म्हणजे आंबट रानफळं, घालायचीच. हे येणारी माणसं कमी होत चाललीत. सासूबाईंनी आम्हाला बसवून शिकवलं, आणि शेवळं आणि काकडं एकत्र अशी जुडी दिली आम्ही. पैसे तसे फार नाही सुटले, मोसमच एवढासा, पण त्या काकांनी फोन करून सांगितलं की बायको गेल्यापासून सहा वर्षांनी खाल्ली. सासूबाईंना फोन दिला मी तेव्हा.

कडव्या वालाचं खातं पूर्ण त्यांच्याकडेच आहे. रात्री कोमट पाण्यात भिजत घालायचे, सकाळी उपसून फडक्यात बांधायचे, मोड आले की परत कोमट पाण्यात टाकून सोलायचे. किलोचे दुपटीच्या आसपास होतात. प्लॅनमध्ये ह्याचा कुठे उल्लेखही नव्हता आणि आज वर्षभर न थांबता चालतं ते हेच, कारण वाल पावसावर महाग होत नाहीत आणि थंडीत फक्त मोड यायला एक दिवस जास्त लागतो.

मशीन मी त्या दिवाळीनंतर विकलं, २१ हजारांना, एका कॅटरिंगवाल्याला. नवरा म्हणत होता ठेव, उपयोगी पडेल. मला ते रोज बघवत नव्हतं, आणि त्या पैशात बसायचे चार पाट, दोन मोठे वजनकाटे, एक मोठा फ्रिज आला. बाल्कनी मोकळी झाली तिथे आता चार जणी बसून निवडतात. आधी मी त्यांना जुडीवर पैसे द्यायचे, तर घाईत दांडे राहायचे, तक्रारी यायच्या. आता तासावर देते, ७० रुपये, काम जरा सावकाश होतं पण परत एकही पाकीट आलेलं नाही चार महिन्यांत.

सगळं सुरळीत आहे असं नाही. नौपाड्यात जुन्या बिल्डिंगी रिडेव्हलपमेंटला चालल्यात एकामागून एक, आमची माणसं भाड्याने घोडबंदरला, कोणी डोंबिवलीला गेली. एका वर्षात १४ घरं कमी झाली, त्यात त्या तिसऱ्या मजल्याच्या आजीही. घोडबंदर एवढ्या लांब रोज जाणं परवडत नाही, म्हणून तिकडे आठवड्यातून एकदाच, शनिवारी, आणि त्यात पालेभाजी कमी, बिरडं, सोललेला लसूण, मटार असं टिकणारं जास्त. आजींकडे आता लिफ्ट आहे, पण दोरीची पिशवी त्यांनी तिकडेही नेलीय म्हणे.

गेल्या महिन्यात मी परत त्याच बँकेत गेले. ह्या वेळी ९ लाख नाही, १ लाख ८० हजार, एक डीप फ्रीझर आणि इलेक्ट्रिक थ्री व्हीलरची सुरुवातीची रक्कम. मॅडम तिथेच होत्या, मला ओळखलं नाही. त्यांनी परत तोच प्रश्न विचारला, रोज किती पाकिटं जातात. मी वही पुढे केली, मार्च २०२३पासूनची, तोट्याच्या महिन्यांसकट. आडव्या दिवशी ७०, शनिवार-रविवार १४०च्या आसपास. त्यांनी जुलैचं पान उघडून बराच वेळ बघितलं, मग विचारलं ह्याच्यानंतर काय बदललं, आणि मी सांगत बसले, मागे रांग लागली तरी.

येत्या गुरुवारी त्यांचा माणूस जागा बघायला येणार आहे. सासूबाईंनी बुधवारी रात्रीच चार किलो वाल भिजत घालायचं ठरवलंय, म्हणतात त्यांनी यावं आणि काम चालू दिसावं.